नकाराचा हक्क आणि रक्ताची चाचणी

(रस्त्यावर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधील एचआयव्ही-प्रतिबंधाच्या कार्याविषयी कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय अभ्यासवर्गाच्या नेहमीच्या विषयपत्रिकेत बसणारा नाही, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. गिरणी, रेल्वे, शेतमजुरी, महागाई या प्रश्नांची आपल्याला सवय आहे. बसस्थानकाच्या आडोशाला, मंडईच्या मागच्या गल्लीत किंवा हमरस्त्यावर ट्रक थांबतात तेथे गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न मात्र सभ्य समाज पोलिसांवर सोपवून मोकळा होतो. खेदाची गोष्ट अशी की, श्रमिकांची चळवळही पुष्कळदा त्याच सभ्य समाजाच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहते. वस्तुतः या स्त्रियांपैकी अनेकजणी कालपर्यंत शेतमजूर, बांधकामावरील बिगारी किंवा घरकामगार होत्या, आणि कित्येक आजही दिवसा तेच काम करतात.

एचआयव्हीच्या साथीला भारतात चाळीस वर्षे होत आली. या काळाचा सारा अनुभव एका साध्या विधानात सांगता येतो: जिला नकार देण्याची ताकद आहे, तीच स्त्री या रोगापासून स्वतःचा बचाव करू शकते. निरोध वापरण्यास तयार नसलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, हे तर उघडच आहे. परंतु रक्त काढायला आलेल्या सरकारी माणसालाही ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, हे तितकेच खरे आहे. वरकरणी हे विपरीत वाटेल. रोग हटवायचा असेल तर चाचणी सक्तीची का नको, असा प्रश्न प्रामाणिक माणसेही विचारतात. त्याचे उत्तर तर्कात शोधण्याआधी इतिहासात शोधावे लागेल.

सक्तीचे जुने हत्यार

१८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांविषयीचा कायदा केला. साम्राज्याच्या गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होतात आणि त्यामुळे लष्कराची शक्ती खचते, ही सरकारची चिंता होती. उपाय योजला तो स्त्रियांवर. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, ठराविक मुदतीने सक्तीची शारीरिक तपासणी, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या बंदिस्त रुग्णालयात रवानगी, असा तो क्रम होता. परिणाम काय झाला? स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, वस्त्या सोडून लपून राहू लागल्या, आणि ज्यांच्यापर्यंत औषध पोहोचायला हवे होते त्याच दृष्टीआड झाल्या. हिंदुस्थानात आणि इंग्लंडात या पद्धतीविरुद्ध ओरड झाली आणि १८८८ साली हा कायदा रद्द करावा लागला.

कायदा गेला, पण त्यामागची दृष्टी गेली नाही. रोग म्हणजे ती स्त्री, आणि तिला पकडले म्हणजे रोग पकडला, हीच ती दृष्टी होय.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीच्या पहिल्या संसर्गांचा शोध लावला. त्यापूर्वी हा रोग पाश्चात्त्य देशांचा असून भारतीय संस्कृतीला त्याचा स्पर्श होणार नाही, असे समाधान उच्च स्थानी बाळगले जात होते. तो भ्रम या दोन स्त्री-वैज्ञानिकांनी तोडला. अपुऱ्या साधनांनिशी केलेले ते काम थोर होते, यात शंका नाही. डॉ. सॉलोमन यांनी पुढे आपले आयुष्य याच रुग्णांच्या उपचाराला वाहिले. परंतु ते रक्त कोठून मिळाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. देहविक्रयाच्या आरोपावरून पकडून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे ते रक्त होते. चाचणी कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. सहा नमुने दोषी निघाले. देशाला मौलिक माहिती मिळाली. त्या स्त्रियांना मिळाला तो केवळ शिक्का, कारण त्या वेळी उपचार अस्तित्वातच नव्हता.

यानंतर सरकारी यंत्रणेने जे केले ते अधिक गंभीर होते. तामिळनाडूत एचआयव्ही आढळलेल्या स्त्रियांना शिक्षेची मुदत संपल्यानंतरही डांबून ठेवण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी मद्रास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि १९९० साली न्यायालयाच्या आदेशाने त्या बाहेर आल्या. त्याच सुमारास गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाची कहाणी घडली. त्याने स्वेच्छेने रक्तदान केले होते. त्या रक्तात विषाणू आढळला म्हणून १९८९ च्या प्रारंभी पोलिसांनी त्याला नेले आणि गोव्याच्या तत्कालीन आरोग्य कायद्याखाली दोन महिन्यांहून अधिक काळ एकांतात कोंडून ठेवले. न्यायालयीन लढ्यानंतर तो सुटला. पुढे त्याने इतर बाधितांना संघटित करण्याचे काम केले आणि १९९२ साली त्याचे निधन झाले. १९८९ मध्येच संसदेत सक्तीच्या चाचणीची तरतूद असलेले विधेयक मांडण्यात आले होते. तीव्र विरोधामुळे ते मागे घ्यावे लागले.

या घटनांचा अर्थ रस्त्यावरच्या स्त्रीला कोणी समजावून सांगावा लागला नाही. चाचणी म्हणजे कोठडी, हे समीकरण तिच्या मनात पक्के झाले. ते पुसून काढण्यास पुढील वीस वर्षेही पुरी पडली नाहीत.

रस्ता आणि माडी

मुंबईची कामाठीपुरा, कलकत्त्याची सोनागाची किंवा सांगलीचे गोकुळनगर ही नावे सर्वांना माहीत आहेत. अशा वस्तीत आरोग्यसेविकेला घर ठाऊक असते, खोली ठाऊक असते, घरवाली ठाऊक असते. तेथील जाच निराळा आणि मोठा आहे. पण तेथे निदान पत्ता आहे. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीला पत्ता नसतो. सकाळी सात वाजता ती फलाटावर असते, दुपारी चित्रपटगृहाजवळ, रात्री दुसऱ्याच नाक्यावर. पोलिसांची गाडी आली की ती जागा आठवडाभर ओस पडते. तिच्यापैकी अनेकींना नवरा, मुले, सासू असते. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे ती कामावर गेलेली असते. म्हणून जिच्या पाटीवर ‘एड्स’ हा शब्द लिहिला आहे अशा दवाखान्यात शिरताना कोणी ओळखीचे पाहील, या भीतीने तिचे पाऊल मागे येते.

यात भर सरकारी वेळापत्रकाची. चाचणी केंद्र सकाळी उघडते आणि दुपारनंतर बंद होते. रात्री उशिरापर्यंत उभी राहिलेली बाई सकाळी मुलांचे डबे करून झोपणार की रांगेत उभी राहणार? रांगेतला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. रोजंदारीवरच्या मजुराला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

गोव्यातील बायना येथील वस्ती जून २००४ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली. घरे पडली, देहविक्रय थांबला नाही. तो लॉजमध्ये, रस्त्यांवर आणि दूरच्या गावांत विखुरला. ज्या स्त्रियांपर्यंत निरोध आणि औषध पोहोचविण्याची व्यवस्था मोठ्या कष्टाने उभी राहिली होती, त्या पांगल्या. वस्ती पाडून रोग हटत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. आता मोबाईल फोनने हे विखुरणे आणखी वाढवले आहे. नाक्यावर उभे न राहता फोनवर ठरवणाऱ्या स्त्रीला शोधणे हे आज या कार्यापुढील नवे आव्हान आहे.

म्हैसूरचा अनुभव

अशा परिस्थितीत काय करता येते, याचे उत्तर कर्नाटकातील म्हैसूर शहराने दिले. म्हैसुरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या होत्या. २००४ साली तेथे प्रतिबंधाचे काम सुरू झाले आणि त्यातूनच या स्त्रियांची स्वतःची ‘अशोदया समिती’ ही संघटना उभी राहिली. पैसा आला तो एका अमेरिकी धनाढ्याच्या प्रतिष्ठानाकडून, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्याचे काम परदेशी दानावर अवलंबून असावे, ही आपल्या राज्यव्यवस्थेची शोभा नव्हे. दाता जातो तेव्हा काम वाऱ्यावर पडू नये म्हणून ते सरकारने चालवावे, हीच योग्य मागणी होती आणि आहे. परंतु पैसा कोणाचाही असो, काम केले ते त्या स्त्रियांनी.

त्यांनी प्रथम शहराचा नकाशा स्वतः काढला. कोठे, किती वाजता, किती जणी उभ्या राहतात, पोलीस केव्हा येतात, कोणता लॉज वापरला जातो, हे बाहेरच्या पाहणी-अधिकाऱ्याला वर्षभरातही कळले नसते. मग त्यांच्यातूनच सोबतिणी निवडल्या गेल्या. सरकारी भाषेत यांना ‘पिअर एज्युकेटर’ म्हणतात. साधारण साठ स्त्रियांमागे एक सोबतीण, असे देशभरच्या कार्यक्रमाचे प्रमाण आहे. निरोध देणे, खोकल्या-तापापासून गुप्तरोगापर्यंत उपचारासाठी दवाखान्यात घेऊन जाणे, मारहाण किंवा अटक झाली तर धावून जाणे, ही तिची कामे. पाठ टेकायला, आंघोळ करायला, दोन घटका कोणाच्याही नजरेवाचून बसायला एक जागा मिळाली. यातली कोणतीही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात औषध म्हणून सापडणार नाही. पण औषध पोहोचले ते याच वाटेने.

२००४ आणि २००६ साली झालेल्या दोन पाहण्यांचे आकडे बोलके आहेत. नव्या गिऱ्हाइकाबरोबरच्या शेवटच्या संबंधात निरोध वापरल्याचे प्रमाण शेकडा ६५ वरून ९० वर गेले. सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे गरमी म्हणतात तो रोग, शेकडा २५ वरून १२ वर आला. एचआयव्हीचे प्रमाण शेकडा २६ होते, ते २४ झाले; म्हणजे जवळपास स्थिर राहिले. हा संसर्ग एकदा झाला की शरीरात राहतो, त्यामुळे जुन्या बाधितांची संख्या दोन वर्षांत घटत नाही. मात्र अलीकडे झालेले संसर्ग कमी झाल्याची चिन्हे तपासणीत दिसली. आणखी एक आकडा नजरेआड करू नये. नेहमीच्या गिऱ्हाइकाबरोबर निरोधाचा वापर शेकडा ५३ वरून ६६ पर्यंतच वाढला. ओळखीच्या, उधारी देणाऱ्या, आधाराचा भास निर्माण करणाऱ्या पुरुषाला नकार देणे अधिक कठीण असते, हे त्यातून दिसते.

नकार आणि एकजूट

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. निरोधाविषयी अज्ञान होते म्हणून तो वापरला जात नव्हता, असे समजणे भाबडेपणाचे आहे. गिऱ्हाईक म्हणतो, निरोध नको, पन्नास रुपये जास्त घे. ती नाही म्हणाली तर तो चार पावलांवरच्या दुसरीकडे जातो. तिच्या घरी चूल पेटायची असते. दुसरीच्या घरीही पेटायचीच असते. एकटीचा नकार हा उपासमारीचा करार ठरतो. गेटबाहेर बेकारांची रांग उभी असताना एकट्या कामगाराने कमी मजुरी नाकारावी, तसाच हा प्रकार आहे. पण नाक्यावरच्या सगळ्याच जणींनी ठरवले की निरोधाशिवाय कोणीही जाणार नाही, तर गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. कामगार चळवळीला हे तत्त्व दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. सोनागाचीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली, सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ संघटित झाली, ती याच तत्त्वावर. सोनागाचीच्या स्त्रियांनी सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी स्वतःची सहकारी पतसंस्थाही काढली. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली स्त्री नकार देऊ शकत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

चाचणी: काय आणि कशासाठी

आता चाचणीकडे वळू. बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि अर्ध्या तासाच्या आत प्राथमिक उत्तर मिळते. हे काम आता दवाखान्याबाहेर, स्त्रिया जमतात तेथेच, प्रशिक्षित कार्यकर्ती करू शकते. या पहिल्या चाचणीत संशय आला तर तो अंतिम निर्णय नव्हे; सरकारी केंद्रात वेगवेगळ्या संचांनी पुन्हा चाचण्या करूनच निदान पक्के केले जाते. उलट, चाचणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. संसर्गानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, तो चाचणीत दिसत नाही. म्हणूनच या स्त्रियांनी दर सहा महिन्यांनी चाचणी करून घ्यावी, असे राष्ट्रीय कार्यक्रम सांगतो.

१९८६ मध्ये चाचणीच्या पलीकडे काहीच नव्हते. आज परिस्थिती मुळातून बदलली आहे. २००१ साली भारतीय औषध कारखान्याने या रोगाची औषधे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मक्तेदारी किमतींना तडा गेला. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. औषध नियमित घेतले आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली गेले, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. बाधित स्त्री निरोगी मुलाला जन्म देऊ शकते. म्हणजे चाचणी आता मृत्यूची नोटीस राहिलेली नाही. ती उपचाराच्या दाराची किल्ली आहे. पण किल्ली देणारा हात विश्वासाचा हवा. निकाल त्या स्त्रीच्या हाती पडण्याआधी नाक्यावर फुटला, तर पुढच्या फेरीला साठांपैकी सहाही जणी येणार नाहीत.

म्हैसूर आणि कलकत्ता येथे संसर्ग होऊ नये म्हणून रोज घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळीचा प्रयोग झाला, तोही याच मार्गाने: आधी स्त्रियांच्या संघटनांमध्ये चर्चा, मग ज्यांची इच्छा त्यांचा सहभाग. दोन्ही शहरांत मिळून तेराशेहून अधिक स्त्रियांनी गोळी घेतली आणि प्रयोगाच्या काळात एकीलाही नवा संसर्ग झाला नाही. सक्तीने असे काही साधल्याचे उदाहरण नाही.

देशभराचे चित्रही हेच सांगते. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधील एचआयव्हीचे प्रमाण २००७ मध्ये शेकडा पाचच्या आसपास होते. २०१०-११ मध्ये ते पावणेतीनच्या खाली आले आणि २०२१ च्या पाहणीत दोनच्याही खाली होते. तरीही सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येच्या तुलनेत ते सुमारे नऊ पट आहे. काम अर्धे झाले आहे.

कायद्याचे दोन हात

राज्यसंस्थेचा एक हात निरोध वाटतो आणि दुसरा तोच निरोध पुरावा म्हणून जप्त करतो. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही, परंतु सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणे हा कलम ८ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम कोणावर कोसळते? माडीवरच्या मालकावर नव्हे, रस्त्यावरच्या स्त्रीवर. झडतीत पिशवीत निरोध सापडले की गुन्हा सिद्ध झाला, असा पोलिसी न्याय. साहजिकच ती निरोध जवळ बाळगणे टाळते. रोगाला याहून मोठी मदत दुसरी कोणती?

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करण्यास मनाई केली आणि गुप्तता बंधनकारक केली. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात आदेश दिला की, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना पोलिसांनी छळू नये. हा खटला मुळात १९९९ साली कलकत्त्यात झालेल्या अशाच एका स्त्रीच्या खुनाचा होता, हे ध्यानात घ्यावे. कागदावरचा विजय मोठा आहे. पण दिल्लीतला आदेश नाक्यावरच्या हवालदारापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे किमान वेतनासाठी लढलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

एक वाद आणि काही कर्तव्ये

देहविक्रय हे काम मानावे की शोषण, हा वाद स्त्री-चळवळीत आणि डाव्या चळवळीतही आहे. ज्या समाजात स्त्रीला उपाशी राहू नये म्हणून शरीर विकावे लागते तो समाज बदलला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. बालिकांना फसवून, विकून या व्यवसायात ढकलणाऱ्यांना कठोर शासन झालेच पाहिजे. परंतु तो समाज बदलेपर्यंत आज रात्री नाक्यावर उभ्या असलेल्या स्त्रीने रोगी होऊन थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. खाणीचे राष्ट्रीयीकरण होईपर्यंत खाणकामगाराला शिरस्त्राण नको, असे कोणी म्हटले नव्हते.

यास्तव काही कामे तातडीची आहेत. चाचणी केंद्रे संध्याकाळी उघडी राहावीत. सोबतिणींना ‘मानधन’ या गोंडस नावाखाली तुटपुंजी रक्कम देऊन राबवून घेण्याची पद्धत संपवून त्यांना कामगार म्हणून वेतन आणि संरक्षण मिळावे. हीच मागणी आशा आणि अंगणवाडी सेविकांची आहे आणि लढाही एकच आहे. २०२२ चा आदेश प्रत्येक ठाण्यात लागू होतो की नाही, यावर स्थानिक कामगार संघटनांनी लक्ष ठेवावे. शिधापत्रिका, ओळखपत्र, मुलांचा शाळा-प्रवेश या गोष्टींसाठी या स्त्रिया युनियनच्या कचेरीत आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवू नये.

आणि शेवटची गोष्ट. गिऱ्हाईक आकाशातून पडत नाही. ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, हमाल हेही त्यात आहेत. म्हणजे आपलेच सभासद आहेत. निरोधाची आणि चाचणीची जबाबदारी एकट्या बाईच्या शिरावर टाकून पुरुष कामगार मोकळा होऊ शकत नाही. तिला नकार देण्याचा हक्क आहे, ही गोष्ट तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पुरुषाला जर कोणी समजावून सांगू शकत असेल, तर ती त्याची युनियन होय. हे काम पुढच्या सभासद-नोंदणीच्या फेरीपासून सुरू करता येईल.